पूर्णिमाचा सत्कार

विहाराच्या फाटकाशेजारी भिंतीत बसवलेला एक काळा फळा होता, आणि सव्वीस वर्षं त्यावर एकाच हाताचं अक्षर होतं, गोदावरीबाईंचं. रेल्वेच्या प्राथमिक शाळेत त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्या तरी खडू काही सुटला नाही. फळ्याच्या डाव्या अंगाला वंदनेची वेळ, उजव्या अंगाला कुणी गेलं असेल तर त्याची बातमी, आणि मधोमध पिवळ्या खडूनं आखलेली चौकट: अभिनंदन. कुणाचा मुलगा इंजिनिअर झाला, कुणाची सून बँकेत लागली, कुणाला वर्कशॉपात बढती मिळाली, ते सगळं त्या चौकटीत यायचं. रविवारी वंदना आटोपून निघताना लोक आधी चौकट वाचत आणि मग चपला घालत. ज्या घरचं नाव बरीच वर्षं आलं नव्हतं, त्या घरच्या बायका चपला जरा घाईनंच घालत.

गोदावरीबाईही घाईनंच घालत.

त्यांचा मुलगा गौतम वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात होता. त्याची बढती होऊन सोळा वर्षं झाली होती. त्यानंतर चौकटीत यायचं राहिलं होतं ते पूर्णिमाचं, नातीचं नाव. ही मुलगी नवं राज्य झालं त्या महिन्यात जन्मली. रायपूर राजधानी झालं म्हणून चौकाचौकात फटाके फुटले होते, आता प्रत्येक कागदासाठी भोपाळला धावायला नको म्हणून गौतमच्या साहेबानं पेढे वाटले होते, आणि दहा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमेला ही झाली. सून विमल नर्स होती, तिची ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. म्हणून पूर्णिमा आजीच्याच खोलीत वाढली. राज्य वाढलं तशी तीही वाढली. पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोनदा अडकली आणि चौकट तिच्याविनाच राहिली.

तिच्या डोक्यात दुसरंच काही होतं, हे घरात एकट्या गोदावरीबाईंना ठाऊक होतं.

सुरुवात शेजारच्या परागपासून झाली. पराग धुमालमध्ये पॅड वाजवायचा. धुमाल म्हणजे ट्रकवर चढवलेले ढोल-ताशे, बँजो, विजेवर चालणारा पॅड आणि मागे स्पीकरची भिंत. गणपती असो, वरात असो की जयंतीची मिरवणूक, त्याशिवाय रायपूरचं पान हलत नाही. पॅडमध्ये नवे आवाज भरायचे असतात, ते परागला जमत नव्हतं. सोळा वर्षांची पूर्णिमा म्हणाली, "भैया, दे इकडं. मी पाहतो." तिनं वर्कशॉपच्या कुंपणापाशी मोबाइल धरून वॅगनवर पडणारे घण टिपले, डबे एकमेकांवर आदळतात तो ठोका टिपला, आणि कॉलेजच्या लॅपटॉपवर त्यांचं असं काही केलं, की त्या वर्षीच्या गणपतीत परागचा ट्रक पुढं आणि पोरं मागं पिसाळल्यागत नाचत होती. दोन वर्षांत शहरातल्या सहा धुमाल पार्ट्या तिचे आवाज वाजवू लागल्या. बनवणारी एक पोट्टी आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. गौतमला वाटायचं, लॅपटॉपवर अभ्यास चाललाय.

परागकडून हे समता कॉलनीतल्या रीनाच्या कानावर गेलं. रीना बंगलोरला शिकून आलेली, तेलीबांध्याच्या तळ्याकाठी तिचं छोटंसं कॉफीचं दुकान. तिच्या ओळखीची वीस-पंचवीस मुलंमुली महिन्यातून एकदा कुठंतरी बंद जागेत जमून नाचत. त्या नाचाला ना बोर्ड, ना पोस्टर. जागा कोणती, ते दोन तास आधी फोनवर कळवलं जाई. आणि रायपूरच्या या चोरट्या नाचाची एक गंमत होती. तो दुपारी तीनला सुरू व्हायचा आणि साडेसातला बंद; कारण मुलींना आठच्या आत घरी पोचायचं असायचं. खिडक्यांना काळी ताडपत्री लावून आत रात्र करायची, बाहेर लख्ख ऊन.

जागांना तोटा नव्हता. शहराबाहेर सरकारनं वसवलेलं 'नवा रायपूर' तयार होऊन पडलं होतं. पूर्वी तिथं धानाची शेतं होती; गोदावरीबाई नवऱ्यासोबत छोट्या रुळांच्या आगगाडीनं त्या बाजूनं धमतरीला जायच्या, तेव्हा खिडकीतून हात काढला तर लोंब्या लागायच्या. आता तिथं सहा पदरी रस्ते, दिवे, बगीचे, इमारती. माणसं तेवढी यायची राहिली होती. त्या रिकाम्या राजधानीत पूर्णिमा या नाचांना आपले आवाज वाजवू लागली. पहिल्यांदा वीस माणसं होती. मग साठ. मग भिलाई-बिलासपूरहून पोरं येऊ लागली, एक टोळी तर सकाळच्या गाडीनं नागपूरहून. पूर्णिमा काळ्या जाळीच्या पडद्याआड उभी राहायची. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "आज दीदी आहे का?" एवढंच लोक रीनाला विचारत, आणि दीदी असली तर गर्दी दुप्पट.

आजीला मात्र ती सगळं सांगे. जागासुद्धा. "तुलेच सांगतो आजी, कोणाले बोलजो नको. पण एकाले तरी मालूम पाहिजे ना मी कुठं आहो ते."

एकदा तिनं आजीच्या कानांवर हेडफोन चढवले.

"काय वाटते?"

"छातीत धडधडून राहिलं माय. बी.पी.ची गोळी घेतली का मी?"

"तू नाही, गाणं धडधडून राहिलं."

"अन् याच्यात गाणं कवा येते?"

"येऊन राहिलं. थांब."

"अर्धा घंटा झाला!"

"थांबाच लागते, आजी. लोकाईले थांबवून ठेवाचं, अजून थांबवाचं, अन् मग एकदम सोडाचं. मधात तुटलं की खेल खतम. भात शिजत असताना गंजावरचं झाकण काढलं तं?"

"कच्चा राहते."

"हव. बस, तेच."

गोदावरीबाईंना तेव्हा ते नीट समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय त्यांना पुढं कधीच उरली नाही.

पूर्णिमाला एकोणीस पूर्ण झाली, त्या डिसेंबरात रीनानं बातमी आणली. सोनिया नावाची एक बाई होती, गोव्याला आणि परदेशात असे मोठमोठे नाच भरवणारी. तिनं दीदीचं काहीतरी ऐकलं होतं आणि ती रविवारी विमानानं येणार होती. संध्याकाळच्याच विमानानं परत. पूर्णिमाला तासाभराची वेळ होती, साडेचार ते साडेपाच.

"एक घंटा, आजी," पूर्णिमा म्हणाली. "तिनं पूरा एक घंटा ऐकला तं फेब्रुवारीत मी गोव्याले. मग पप्पाले मीच सांगीन. तिकीट हातात ठेवून सांगीन." आणि जागाही सांगितली: नवा रायपूरमधल्या भाजीबाजारासाठी बांधलेली, पण अजून न उघडलेली मोठी शेड.

शनिवारी जेवताना गौतम म्हणाला, "माय, उद्या फळ्यावर शालिग्रामच्या पोट्टीचं लिहजो. रेल्वेत लागली. पहिल्याच झटक्यात."

"लिहतो ना."

"लिह. दुसऱ्याईचंच लिहाचं नशीब आहे आपलं. आपल्या घरचं काय लिहतं? 'दोनदा नापास, हार्दिक अभिनंदन'?"

विमल म्हणाली, "जेवू द्या ना पोरीले." पूर्णिमानं मान वर केली नाही. ताटातला भात संपवला, ताट धुतलं, आजीचं पाण्याचं तांब्याभांडं भरून उशाशी ठेवलं.

सकाळी त्यांनी फळा पुसला, वंदनेची वेळ लिहिली, चौकट आखली. शालिग्रामच्या मुलीचं नाव लिहिलं. हातात खडू होता आणि चौकटीत जागा उरली होती. त्यांनी लिहिलं: 'कु. पूर्णिमा गौतम हिचा संगीताचा कार्यक्रम आज नवा रायपूर येथे. हार्दिक अभिनंदन.' वेळ लिहिली नाही, जागा लिहिली नाही. नुसतं नाव लिहिल्यानं कुणाचं काय जाणार आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की दोन पावलं मागं होऊन त्यांनी ते पाहिलं.

वंदनेनंतर फळ्यापाशी गर्दी झाली. विहार समितीचे अध्यक्ष धर्मपालजी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, चष्मा वर-खाली करून दोनदा वाचून आले.

"बाई! अन् हे तुम्ही आम्हाले आज सांगता? घरची गोष्ट म्हणून लपवून ठेवली?"

"लहानसा कार्यक्रम आहे जी."

"लहान कसा? राजधानीत आपली पोट्टी गाते अन् लहान? कोणत्या जागी? नवा रायपूर तं कोसभर पसरलं आहे."

सांगायला नको होतं. पण सगळ्या बायका वळून त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि इतक्या वर्षांत त्या चौकटीबद्दल त्यांना कुणी असं आवर्जून विचारलं नव्हतं. गोदावरीबाईंनी जागा सांगितली. वेळही सांगितली.

फळ्याचा फोटो समाजाच्या ग्रुपवर गेला. बारा वाजेतो दोन गाड्या ठरल्या. विहाराच्या कपाटातून सत्काराची शाल निघाली, कुणी गुलदस्ता आणायला गेलं. गोदावरीबाईंनी पूर्णिमाला फोन लावला, तो बंद होता; कामाच्या दिवशी ती बंदच ठेवायची. मग त्यांनी ठरवलं, धर्मपालजींना जाऊन सांगायचं की कार्यक्रम रद्द झाला. त्या उठल्यासुद्धा. तेवढ्यात गौतम घरात आला. दाढी केलेली, जयंतीला घालतो तो कोट अंगात.

"माय, मले काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला. आवाज रागाचा नव्हता. "मी बाप आहो ना तिचा. लोकं हात मिळवून राहिले माह्यासंग. अन् मी काल काय काय बोललो."

त्या कोटाकडं पाहून त्यांचं धर्मपालजींकडं जाणं राहिलं. त्यांनी पेटीतली पांढरी साडी काढली.

सहा पदरी रस्त्यावर त्या दोन गाड्यांशिवाय काही नव्हतं. बायका जयंतीची गाणी म्हणत होत्या. शेडपाशी पोचले तेव्हा पाच वाजले होते. बाहेर शंभर-सव्वाशे मोटारसायकली, घरघरणारा जनरेटर, आणि रीनाचा एक मित्र दारावर. एवढ्या पांढऱ्या साड्या पाहून तो गोंधळला.

"अंकल, यहाँ शादी नहीं है."

"मालूम आहे. सत्कार आहे," धर्मपालजी म्हणाले आणि आत शिरले.

आत अंधार होता, एक तांबडा दिवा, आणि तीनशे पोरं. नाच असा दिसतच नव्हता. सगळे जागच्या जागी हलत होते, डोळे मिटून, जशी वाऱ्यात शेतं हलतात. आवाज कानांतून येतच नव्हता, तो तळपायांतून वर चढत होता. गोदावरीबाई दाराशीच थबकल्या. घणाचा ठोका त्यांनी ओळखला. नवऱ्याची वर्कशॉपात पाळी असायची तेव्हा चाळीस वर्षं तो कुंपणापलीकडून ऐकला होता. त्यामागून काहीतरी वर येत होतं, येत होतं आणि येत नव्हतं. पोरांचे हात हळूहळू उचलले जात होते. कसली तरी वाट पाहणं चाललं होतं, एकाच वेळी तीनशे जणांचं.

पोरांनी बिचाऱ्यांनी वाट करून दिली. कुणी हात जोडले, एक मुलगी विहार समितीतल्या कांताबाईंना "आंटी, आओ ना" म्हणत ओढू लागली. धर्मपालजी थेट पडद्याआड गेले. त्यांच्यामागं गौतम, शाल घेतलेल्या कांताबाई, आणि गोदावरीबाई.

पूर्णिमानं पाहिलं. एक कान हेडफोनमध्ये, दोन्ही हात बटणांवर.

"बेटा, दोन मिनिटं बंद कर," धर्मपालजी तिच्या कानाशी ओरडले. "सत्कार आहे."

तिनं मान हलवली. "काका, बीस मिनट. बस बीस मिनट."

"अवं, मग लोकं पांगतात. सत्कार भर गर्दीतच करा लागते. आमचा अनुभव आहे." तरी तिचे हात हलेनात, तसे ते वळले. "बाई, तुम्ही सांगा हिले. तुमचं ऐकते."

पूर्णिमानं आजीकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, भरवसा होता. हिला तर माहीत आहे, असा.

गोदावरीबाईंनी गौतमकडं पाहिलं. तो कोटाची बटणं लावत होता, फोटो निघेल म्हणून.

"कर पोरी," त्या म्हणाल्या. "दोनच मिनिटं. तुहा बाप आला आहे."

पूर्णिमानं आवाज बंद केला.

एवढ्या मोठ्या शेडमध्ये जनरेटरची घरघर तेवढी उरली. तीनशे हात अर्ध्यावरच राहिले आणि मग एकेक खाली आले. कुणीतरी "क्या हुआ? पुलिस?" म्हणालं. माइक सापडला. "दोन मिनिटं बंद, सत्कार आहे," असं सांगून धर्मपालजी बोलले, आणि दोन मिनिटं नाही, चांगली अकरा मिनिटं बोलले. समाजाची प्रगती, मुलींचं शिक्षण, गौतमरावांची वर्कशॉपातली सेवा, आजी गोदावरीबाईंचं सुंदर हस्ताक्षर. "या कन्येनं लहानपणापासून गायनाची आवड जोपासली," ते म्हणाले, आणि पोरांत हशा पिकला. शाल पांघरली गेली तेव्हा शिट्ट्या वाजल्या, मोबाइलचे दिवे लागले. ते सगळंच टिंगल म्हणून नव्हतं. काहींनी मनापासून टाळ्या पिटल्या. फोटोसाठी धर्मपालजींनी सगळ्यांना जवळ बोलावलं, तेव्हा गोदावरीबाईंनीही पदर सारखा केला.

खांबापाशी एक उंच बाई घड्याळ पाहत होती. रीना तिला हातवारे करून काहीतरी समजावत होती. बाई हसली, रीनाच्या खांद्यावर थोपटलं, आणि फोन कानाला लावून दाराबाहेर गेली. ती परत आली नाही.

पूर्णिमानं पुन्हा सुरू केलं. पोरं नाचलीही, पण आता हसत, एकमेकांना शाली पांघरल्याचा अभिनय करत. आणि डोळे अंधाराला सरावल्यावर गौतमला पायाशी पडलेल्या बाटल्या दिसल्या, सिगारेटी दिसल्या, एकमेकांच्या गळ्यात हात टाकलेली मुलंमुली दिसली. तो ओरडला नाही. पडद्याआड जाऊन एवढंच म्हणाला, "शाल नीट घे. चाल." ती निघाली. परतीच्या गाडीत बायकांनी गाणी म्हटली नाहीत.

त्या अकरा मिनिटांचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. गोव्याहून रीनाला एक गोड निरोप आला, पुढल्या वर्षी पाहू म्हणून. रीना मुलगी चांगली. ती म्हणाली, लोक विसरतात, तू ये. पूर्णिमा आणखी दोनदा गेली. दोन्ही वेळा, ऐन वर चढत असताना, गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दोन मिनिटं बंद कर, सत्कार आहे!" आणि सगळी शेड हसली. ज्या दीदीला नाव नव्हतं, तिला आता 'सत्कारवाली' हे नाव झालं होतं. मार्चमध्ये आजारानं सगळं जगच बंद पडलं. उघडलं तेव्हा रीना बंगलोरला निघून गेली होती, दुकानाच्या जागी औषधांचं दुकान आलं होतं, आणि भाजीबाजाराच्या शेडमध्ये खरोखरच भाजी विकली जात होती.

पूर्णिमानं बी.एस्सी. पूर्ण केलं, परीक्षा दिल्या. आता ती नवा रायपूरमध्येच एका सरकारी खात्यात संगणकावर काम करते. सकाळी बस, संध्याकाळी बस. ती रागावली असती, चार भांडी आपटली असती, तर गोदावरीबाईंना सोपं गेलं असतं. तिनं आजीशी बोलणं सोडलं नाही, पाण्याचं भांडं भरणं सोडलं नाही. गौतम एकदा दिवाळीत म्हणाला, "मले काय मालूम होतं एवढं मोठं काही आहे म्हणून," आणि उठून बाहेर गेला. त्याचं खरंच होतं. त्याला मालूम नव्हतं, धर्मपालजींना मालूम नव्हतं. एकट्या गोदावरीबाईंना मालूम होतं.

मागल्या हिवाळ्यातल्या एका सुट्टीच्या दुपारी दोघी अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होत्या. गोदावरीबाईंना सत्त्याहत्तरावं लागलं होतं. शेंगेचं टोक आता बोटांत नीट धरवत नव्हतं. किती दिवस ओठांवर आलेलं त्यांनी विचारून टाकलं.

"पोरी, त्या दिवशी पुढं काय होतं?"

"कोणत्या दिवशी?"

"मी बंद कराले सांगतलं तवा. तू वीस मिनिटं म्हणत होती. त्या वीस मिनिटात काय होतं?"

पूर्णिमाचे हात थांबले नाहीत. "काय मालूम, आजी."

"तुह्या त्या लॅपटॉपात असन ना ठेवलेलं. मले ऐकव एकदा. आता अर्धा घंटा काय, दोन घंटे थांबतो."

"लॅपटॉपात नसते ते. तुकडे असतात नुसते. समोर कोण उभं आहे, कसे नाचून राहिले, ते पाहून तिथल्या तिथं जोडत जाव लागते." तिनं एक शेंग उघडली, आत दाणे किडलेले होते, ती बाजूला टाकली. "त्या दिवशी असं काही जुळून राहिलं होतं, जे त्याच्या आधी कधी जुळलं नव्हतं. पुढं काय येणार, मलेच नव्हतं मालूम. मीच ऐकाले निघालो होतो."

रस्त्यावरून कुणीतरी 'जय भीम, बाई' म्हणत गेलं, गोदावरीबाईंनी हात वर केला.

"माहं चुकलं," त्या म्हणाल्या. "मले समजत होतं, तरी मी सांगतलं."

नाही गं आजी, असं काही ती म्हणेल, या आशेवर त्या पाच वर्षं हे वाक्य मनात घेऊन बसल्या होत्या.

"हव," पूर्णिमा म्हणाली.

मग तिनं मटारांतल्या कोवळ्या, सोप्या शेंगा निवडून आजीच्या ताटात टाकल्या आणि जून शेंगांचा ढीग स्वतःकडं ओढून घेतला.